कोट्स यांच्या ‘ब्लॅक पँथर’मधला दोष नेमका कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टा-नहासी कोट्स हे आजच्या अमेरिकेतील अत्यंत मान्यवर गद्यलेखक. 2015 मध्ये ‘बिट्वीन द वर्ल्ड अँड मी’ या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले आणि त्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर फेलोशिपही मिळाली. पुढच्याच वर्षापासून त्यांनी मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनासाठी ‘ब्लॅक पँथर’ हे मासिक कॉमिक लिहायला घेतले आणि 2018 पासून त्याच्या जोडीला ‘कॅप्टन अमेरिका’ही. 2021 पर्यंत चाललेल्या या कामाविषयी अनेक समीक्षकांचा सूर एकच राहिला : विचार मोठे आहेत, पण कथा हलत नाही, पात्रे बोलतात फार आणि करतात कमी, ब्लॅक पँथर, म्हणजे वकांडा या काल्पनिक आफ्रिकन देशाचा राजा टचाला, स्वतःच्याच मालिकेत बाजूला उभा राहतो, एकूण हे चित्रे जोडलेले निबंध आहेत. गेली चोवीस वर्षे चित्रकथांच्या संहिता लिहिण्याचे आणि अक्षरांकनाचे (फुग्यांतले संवाद लिहून बसवण्याचे) काम करणाऱ्या माणसाला हे मत पटते का, असे मला विचारले गेले आहे.

मला ते पटत नाही. या कॉमिक्समध्ये दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. त्यातला एक तर चांगलाच खटकणारा आहे. पण समीक्षकांनी जिथे बोट ठेवले ती जागा चुकली आहे, आणि तिथे जे आहे तेच बऱ्याचदा या मालिकेचे बलस्थान आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा काहीसा हा प्रकार झाला आहे.

आधी निष्क्रिय राजाचा आरोप घेऊ, कारण तोच सर्वांत जास्त वेळा केला गेला. 2016 च्या एप्रिलमध्ये पहिला अंक आला तेव्हा टचालाच्या राज्याची अवस्था काय होती, हे ज्यांनी आधीची दहा वर्षे वाचली नव्हती त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वकांडा म्हणजे कधीही न जिंकला गेलेला देश, हे त्या राज्याचे बिरुद. प्रत्यक्षात 2010 मध्ये डॉक्टर डूम या खलनायकाने तो देश पोखरला होता, 2012 मध्ये समुद्राखालच्या राज्याचा राजा नेमॉर याने समुद्राची लाट आणून त्याची राजधानी बुडवली होती, आणि त्यानंतर थॅनोस या खलनायकाच्या सैन्याने तिथे धुमाकूळ घातला होता. टचालाच्या जागी गादीवर बसलेली त्याची बहीण शुरी देशाचे रक्षण करताना पडली होती. स्वतः टचाला त्या काळात मोजक्या शक्तिमान पुरुषांच्या गुप्त मंडळात बसून कोणती पृथ्वी वाचवायची आणि कोणती नष्ट करायची, याचे हिशेब करत होता. यातले काहीही कोट्स यांनी लिहिलेले नव्हते. मासिक कॉमिकची रीत अशी की नवा लेखक आला की मागचा मलबा एका संवादात झाडून टाकतो आणि नव्या खलनायकाला रंगमंचावर आणतो. कोट्स यांनी तसे केले नाही. इतके सोसलेली प्रजा राजाकडे कोणत्या नजरेने पाहील, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्यातून सगळी कथा उभी केली.

म्हणूनच पहिल्या अंकाच्या सुरुवातीला राजा व्हायब्रेनियम या वकांडाच्या मौल्यवान धातूच्या खाणीवर कामगारांना भेटायला जातो आणि ते कामगारच त्याच्यावर चालून येतात. या गर्दीमागे झेन्झी नावाची स्त्री आहे. तिची शक्ती अशी, की माणसाच्या मनात दबलेले जे आहे ते ती वर आणते. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. सुपरहिरो कॉमिकमध्ये जमावाच्या मनावर ताबा मिळवणारे खलनायक पैशाला पासरी मिळतात, आणि त्यांच्यामुळे लेखकाची एक सोय होते : लोक मुळात चांगलेच असतात, कुणीतरी त्यांना भुलवलेले असते, ते जादू उतरवली की घरी जातात. झेन्झीच्या बाबतीत ही सोय नाही, कारण राग तिने घातलेला नाही, तो होताच. तिला हरवल्याने तो संपणार नाही, हे वाचकाला सुरुवातीलाच कळते आणि थोडे उशिरा राजालाही कळते. असा पेच समोर असताना ज्याच्या मुठीत एवढे बळ आहे त्याने काय करावे? टचाला थबकतो, चुकतो, पुन्हा विचार करतो. त्याला निष्क्रिय म्हणणे म्हणजे ज्या प्रश्नासाठी ही कथा लिहिली तोच प्रश्न तिच्या उणिवांच्या यादीत टाकण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या माझ्या पिढीच्या वाचकाला हे उमजायला एक वेगळी वाट आहे. आम्ही इंद्रजाल कॉमिक्समधून वाढलो. आमच्या लहानपणीची आफ्रिका म्हणजे वेताळाचे जंगल : कवटीच्या गुहेतला एक गोरा मुखवटाधारी, त्याच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या टोळ्या, आणि त्या टोळ्यांना त्यात काही वावगे न वाटणे. 1966 मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर आणला तेव्हा त्या चित्राला मोठा छेद गेला, कारण आता आफ्रिकेचा रक्षक आफ्रिकन होता, राजा होता आणि शास्त्रज्ञही होता. पण राजा देवासारखा आणि प्रजा बिनतक्रार, ही मांडणी तशीच राहिली. सत्तरच्या दशकात डॉन मॅकग्रेगर यांनी आणि 1998 पासून ख्रिस्तोफर प्रीस्ट यांनी या पात्राला खोली दिली, राजकारणही दिले. तरी राजेपणालाच कथेचा विषय करणे, आणि तेही प्रजेच्या बाजूने, हे इतक्या सलगपणे कोट्स यांनी केले.

प्रीस्ट यांचे नाव घेतले म्हणून डोरा मिलाजेविषयी लिहायला हवे, कारण समीक्षकांच्या हातून इथली सर्वांत सुंदर गोष्ट निसटली असे मला वाटते. राजाच्या स्त्री-अंगरक्षकांचे हे दल प्रीस्ट आणि चित्रकार मार्क टेक्सेरा यांनी निर्माण केले. त्यांच्या कथेत या मुली वेगवेगळ्या टोळ्यांतून निवडलेल्या, राजाच्या नावापुरत्या वाग्दत्त वधू होत्या. त्यामुळे टोळ्यांमध्ये शांतता राहते, असे त्याचे समर्थन होते. अनेक वर्षे वाचकांनी हे शोभेचे अंग म्हणून स्वीकारले. कोट्स यांनी त्या मुलींना काय वाटत असेल असा विचार केला. त्यांच्या कथेत अनेका ही डोरा मिलाजेमधली अधिकारी स्त्री, मुलींवर अत्याचार करणाऱ्या एका सरदाराला ठार मारते आणि त्यासाठी तिला मृत्युदंड होतो. राजमाता रामोंडा तो कायम करते. अनेकाची प्रेयसी आयो, तीही त्याच दलातली, चिलखते चोरून तिला सोडवते, आणि मग या दोघी राजाची सेवा सोडून स्त्रियांना छळणाऱ्या बारीकसारीक सत्ताधीशांच्या मागे लागतात. आधीच्या लेखकाने सहज म्हणून ठेवलेल्या एका तपशिलातून पुढच्या लेखकाने बंड उभे करावे, याला आमच्या धंद्यात फार मान आहे. याला निबंध म्हणता येणार नाही, कारण निबंधात प्रेयसीला तुरुंगातून सोडवून आणावे लागत नाही.

आता शब्दबहुलतेकडे येतो. इथे मी समीक्षकांशी अर्धा सहमत आहे आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल माझे भांडण आहे. एका चौकटीत साधारण पस्तीसपेक्षा जास्त शब्द नकोत, हा डीसी या दुसऱ्या मोठ्या कॉमिक्स प्रकाशनाचे जुने संपादक मॉर्ट वाइझिंगर यांच्या नावावर सांगितला जाणारा नियम अक्षरांकन करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असतो. नियम जुना आहे आणि चांगले लेखक तो मोडतात; पण मोडताना काय गमावतो आहोत हे त्यांना ठाऊक असते. फुगा वाढला की चित्र आक्रसते, आणि चित्र आक्रसले की वाचकाची नजर चौकटीत फिरायची थांबते. तो ओळी वाचतो, पुढच्या चौकटीवर जातो, आणि पान पाहायचे राहूनच जाते. कोट्स यांच्या अंकांचे अक्षरांकन जो सॅबिनो यांनी केले आहे आणि त्यांनी जागा फार हुशारीने वापरली आहे. तरीही काही पानांवर त्यांची ओढाताण दिसते, निदान हे काम करणाऱ्याला तरी दिसते.

पण शब्द जास्त आहेत, हे निदान पुरेसे नाही. खरी अडचण कोणत्या शब्दांत आहे? माझ्या मते राजाच्या अंतर्मनाच्या निवेदन-पट्ट्यांत नाही. त्या अलंकारिक आहेत, पण राजा असाच बोलेल असे वाटते, आणि त्या चित्राच्या विरुद्ध दिशेने चालतात म्हणून शोभतात. हाणामारी चालू असताना राजा मनातल्या मनात आपल्या बापाला किंवा पूर्वजांना उत्तर देतो आहे, हे कॉमिकलाच जमते. अडचण आहे ती दोन माणसे समोरासमोर उभी राहून मतभेद मांडतात तेव्हाची. टेटू हा बंडखोर आणि चंगामिरे हा त्याचा जुना गुरू, तत्त्वज्ञानाचा अध्यापक. चंगामिरे जॉन लॉकचा आधार घेतो, मोठे दरोडेखोर छोट्यांना शिक्षा करतात अशा अर्थाचे वचन येते, आणि वाद रंगतो. वाद खरोखर चांगला आहे. पण लेखकाने त्या दोघांच्या हातांना काही काम दिलेले नाही. वाद चालू असताना एक जण काही निवडतो आहे, सांधतो आहे, कुणाची तरी वाट पाहतो आहे, असे काही असते तर चित्रकाराला वादाच्या पोटातली गोष्ट काढता आली असती. कोट्स यांनी विचार भरपूर आणला ही चूक नव्हे. त्या विचाराचा वाटा चित्रकाराला द्यायला ते काही ठिकाणी विसरले, ही चूक आहे.

हे मी अधिकाराने लिहितो कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एका मासिकासाठी लिहिलेल्या माझ्या सुरुवातीच्या विज्ञानकथेची चार पाने चित्रकाराने परत पाठवली होती. प्रत्येक पानावर पेन्सिलीने एकच प्रश्न होता, ‘यात मी काय काढू?’ त्यावर मी रागावलो होतो. संवाद उत्तम होते असे मला अजूनही वाटते. पण उत्तर माझ्यापाशी नव्हते. गद्यातून येणाऱ्या लेखकाला हे शिकायला वेळ लागतो, कारण गद्यात वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्र उभे करायचे कामही शब्दांनाच करावे लागते, आणि ती सवय हातातून लवकर जात नाही.

कोट्स यांच्या बाबतीत पहिल्या चार अंकांचे चित्रकार ब्रायन स्टेलफ्रीझ आणि रंगकार लॉरा मार्टिन यांनी ही उणीव बरीच झाकली. स्टेलफ्रीझ आकृत्यांच्या आकारातून बोलतात; त्यांच्या टचालाचा काळा देह बहुतेक वेळा सपाट सावलीसारखा असतो आणि भोवतीच्या रंगात तो एकटा पडतो. पाचव्या अंकापासून आलेले ख्रिस स्प्राउस हे स्वच्छ, शांत रेषेचे मोठे चित्रकार आहेत. मात्र त्यांची रेषा संहितेत जे आहे तेवढेच सांगते, त्यामुळे संहितेतला बोलघेवडेपणा उघडा पडतो. मालिका मध्येच संथ झाली असे अनेकांना वाटले, त्याचे एक कारण मला इथे दिसते. त्याची मीमांसा मात्र कमी वाचायला मिळते, कारण मोठ्या लेखकाचे कॉमिक समीक्षकांच्या हाती आले की ते लेखकावर लिहितात आणि चित्रकाराला एका विशेषणात गुंडाळतात.

संथपणाविषयी आणखी एक. ही बारा अंकांची एक कथा आहे, आणि ती महिन्याला वीस-बावीस पानांच्या हप्त्याने आली. पुष्कळशी परीक्षणे हप्त्यांवर लिहिली गेली. कीर्तनाला जाऊन पूर्वरंगातच उठून यावे आणि आख्यान सांगितलेच नाही म्हणावे, तसे हे झाले. कोट्स यांचा पूर्वरंग लांब आहे हे खरे. शुरी मृत्युसदृश अवस्थेत ‘जालिया’ या वकांडाच्या स्मृतिलोकात फिरते आणि आपल्या आईच्या रूपातल्या कथेकरणीकडून देशाच्या जुन्या कथा ऐकते, तो भाग महिन्याला चार पाने वाचला तर बेटासारखा वाटतो. तीन खंड सलग वाचले की लक्षात येते की राजाला जे शस्त्राने साधत नाही ते बहीण कथांमधून कमावते आहे, आणि तिच्या परत येण्याशिवाय शेवट शक्य नव्हता.

मधल्या भागात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी मी सगळा लांबलेला पूर्वरंग माफ करीन. बंड आवरत नाही म्हणून टचाला वेगवेगळ्या हुकूमशाही देशांत बंडे मोडून काढणाऱ्या तज्ज्ञांना गुपचूप बोलावून सल्ला विचारतो. त्या बैठकीचे चित्रण बंडखोर जगासमोर फोडतात. इथे कुणी कुणाला ठोसा मारत नाही. तरीही नायकाचा यापेक्षा मोठा पराभव त्या वर्षी मी दुसऱ्या कोणत्याही सुपरहिरो कॉमिकमध्ये पाहिला नाही, कारण हा पराभव त्याने स्वतःच्या हाताने केलेला आहे आणि आपण त्याच्या बाजूने होतो याची वाचकालाही लाज वाटते.

शेवटाबद्दल मात्र टीकाकार बरोबर आहेत. अकरा अंक ज्या प्रश्नाशी झुंज दिली त्याचे उत्तर बाराव्या अंकात राज्यघटनेच्या रूपाने फार लवकर येते. घटना लिहिताना काय होते, कोण कशावर अडून बसते, हे ज्यांना थोडेफार ठाऊक आहे त्यांना ही घाई बोचते. बंड करणाऱ्या आयो आणि अनेका यांच्या मागण्यांचे नेमके काय झाले, हे पाहायला मला आणखी तीन अंक चालले असते.

गंमत अशी की 2018 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वाचे काहींनी अधिक मोकळ्या मनाने स्वागत केले, आणि माझे मत नेमके उलटे आहे. त्या पर्वात वकांडाने अंतराळात उभारलेले साम्राज्य आहे, स्मृती पुसलेला टचाला त्याच साम्राज्याच्या खाणीत गुलाम आहे, डॅनियल अकुन्या यांची रंगचित्रे डोळे दिपवणारी आहेत. गती आहे, लढाया आहेत, म्हणजे टीकाकारांनी मागितले ते सगळे आहे. पण पंचवीस अंक आणि तीन वर्षे चाललेल्या या कथेत पहिल्या पर्वातली धग नाही. आपणच साम्राज्य झालो तर काय, ही कल्पना जबरदस्त आहे; ती पहिल्या काही अंकांत सांगून होते आणि मग मोहिमांमागून मोहिमा येतात.

‘कॅप्टन अमेरिका’विषयी थोडक्यात, कारण तिथला वाद कॉमिकपेक्षा बाहेरचाच जास्त होता. 2021 च्या वसंतात अठ्ठाविसाव्या अंकात खलनायक रेड स्कल इंटरनेटवरून तरुणांना जगण्याचे दहा नियम शिकवताना दिसला. बारा नियमांचे पुस्तक लिहिणारे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉर्डन पीटरसन यांनी स्वतःचे साम्य ओळखून जाहीर आश्चर्य व्यक्त केले, आणि लेखकाने कथेत राजकारण घुसडले असा गलका झाला. ज्या पात्राने 1941 च्या आपल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारला, त्याच्या कथेत राजकारण ‘घुसडले’ कसे जाईल? माझी तक्रार दुसरी आहे. एकाकी तरुणांना रेड स्कलचे बोलणे गोड का लागते, हे कोट्स यांना चांगले कळले होते. मग त्या तरुणांपैकी एकाला नाव, घर आणि दोन पाने द्यायला हवी होती. झेन्झीच्या वेळी जी गर्दी त्यांनी माणसांची केली, ती इथे पार्श्वभूमी राहिली.

विक्रीचा मुद्दाही टीकेत येतो. पहिल्या अंकाच्या अडीच लाखांहून अधिक प्रती दुकानांनी मागवल्या आणि नंतर आकडा घसरला, म्हणजे वाचकांनी कौल दिला, असे म्हणतात. त्या बाजारात दुकानदार आधी मागणी नोंदवतो आणि माल सहसा परत करता येत नाही. पहिला अंक संग्राहकांसाठी भरमसाट मागवला जातो आणि घसरण जवळजवळ प्रत्येक मालिकेची होते. ‘वर्ल्ड ऑफ वकांडा’ ही रोक्सेन गे यांची जोडमालिका सहा अंकांत बंद झाली आणि 2018 मध्ये तिलाच कॉमिक्समधला मानाचा आयझनर पुरस्कार मिळाला. तेव्हा दर्जाच्या चर्चेत विक्रीचे आकडे बाजूला ठेवलेले बरे.

माझे म्हणणे ज्यांना तपासून पाहायचे असेल त्यांना मी एक प्रयोग सुचवतो. शिकाऊ मुलांकडून तो मी नेहमी करून घेतो. पहिला खंड घ्यावा आणि कागदाच्या पट्ट्या कापून सगळे फुगे झाकावेत. खाणीवरची चकमक, अनेकाचा निवाडा, आयोने तिला सोडवणे, हे सगळे शब्दांवाचून जवळजवळ पूर्ण कळते. मग दुसऱ्या खंडातले संवादाचे एखादे लांब पान तसेच झाकावे. दोन माणसे उभी आहेत, तोंडे उघडी आहेत, आणि पान संपते. आता पहिल्या खंडातल्या त्या पानांवर परत जाऊन फक्त राजाच्या मनातल्या पट्ट्या उघड्या कराव्यात. शब्द तेवढेच भारी आहेत, पण चित्र आपल्या जागी टिकून राहते.